देम्यानची वरात

वेर्बिलुकीच्या अग्निशमन केंद्रात पाळी सकाळी आठला बदलते. जाणारे आणि येणारे जवान आवारात समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, पाळीप्रमुख नावे पुकारतात, आणि मग बंबांची तपासणी सुरू होते. चालक इंजिन चालू करून पंपाचा दाब पाहतो. एक जण टाकीचे झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे की नाही हे आत हात घालून पाहतो, कारण काट्यावर कोणाचा विश्वास नसतो. आदल्या दिवशी वापरलेले कापडी पाईप धुऊन मनोऱ्यात उंच टांगलेले असतात. ते वाळले असतील तर उतरवून गुंडाळायचे. शेवटी प्रत्येक जण आपली जाड विजार बुटांवर घडी करून ठेवतो, म्हणजे भोंगा होताच बुटात पाय घातले की विजार एका झटक्यात वर ओढता येते. युद्ध सुरू झाल्यापासून या शिरस्त्यात एका गोष्टीची भर पडली होती. आगीपाशी बंब उभा करताना त्याचे तोंड परतीच्या रस्त्याकडे ठेवायचे. एकदा हल्ला झालेल्या जागी थोड्या वेळाने दुसरा हल्ला होतो, आणि तो आग विझवणाऱ्यांसाठीच असतो, हे तोवर सगळ्यांना कळून चुकले होते.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी ओरिस्याने नियंत्रण कक्षाचा ताबा घेतला, आदल्या पाळीच्या बाईने अर्धवट सोडलेला चहा ओतून टाकला आणि खिडकी उघडली. वायरलेसवर बसण्याचे काम ती गेली अनेक वर्षे करत होती. आवारात पाळीप्रमुख नेस्टर ह्नातोविच यांच्या देखरेखीखाली जवान देम्यान पाईप उतरवत होता. काम संपल्यावर तो हात पुसत कक्षाच्या दारात आला.

"ओरिस्याताई, वायरलेस तपासायला आलोय," तो बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

"ताई काय म्हणतोस रे मेल्या?" ती पुटपुटली. "लाज नाही वाटत?"

"मग काय म्हणू? बाहेर नेस्टर ह्नातोविच उभे आहेत. बायको म्हणू?"

"हळू बोल!"

तो हसला आणि टेबलाला टेकून उभा राहिला. "रविवारी आईकडे चल. मी तिला सांगून ठेवलंय, एक पाहुणी येणार म्हणून."

"अजून काय सांगितलंस?"

"एवढंच. तिला वाटतंय, कोणी बडी अधिकारी तपासणीला येतेय. कोंबडी कापू का, असं विचारत होती."

"युद्ध संपू दे, देम्यान."

"युद्ध संपेपर्यंत कोंबडी म्हातारी होईल. शिजायची नाही मग."

ओरिस्याला हसू आवरले नाही. "बरं, पुढच्या रविवारी," ती म्हणाली. तो मान डोलावून गेला. पुढच्या रविवारची गोष्ट तिने याआधीही केली होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि तो चौतीसचा. तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षे लोटली होती. पहिला नवरा दोन गल्ल्या सोडून नव्या बायकोबरोबर राहत होता आणि दुकानात भेटला की तिला नमस्कार करत होता. मुलगी पोलंडमध्ये शिकत होती. आमच्या गावात कोणाच्या घरी कोणते पडदे लागले तेही लोक ध्यानात ठेवतात. म्हणून गेले दोन हिवाळे देम्यान पाळी संपल्यावर मागच्या फाटकाने तिच्याकडे येई, जेवे, खुर्चीतच डोळे मिटे आणि अंधार पडायच्या आत आईकडे जाई. त्याला हे लपवणे आवडत नव्हते. तिलाही आवडत नव्हते, पण "सात वर्षांनी लहान पोराला नादी लावलं" हे वाक्य ती मनातल्या मनात इतक्या बायकांच्या तोंडून ऐकून चुकली होती की प्रत्यक्ष ऐकण्याचे धाडस तिच्यात उरले नव्हते.

जेवणाच्या सुमाराला हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, आणि पाठोपाठ रेल्वेजवळच्या धान्याच्या कोठारांवर ड्रोन आदळले. दोन बंब निघाले. पोहोचल्याचे कळवणारा आवाज देम्यानचाच होता. वायरलेसवर त्याचा आवाज नेहमी जरा जास्त गंभीर असे, शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या मुलासारखा, आणि ओरिस्याला त्याचे दर वेळी हसू येई. दुसऱ्यांदा भोंगा झाला तेव्हा तिने माघारीचा हुकूम दिला. एकेकाचे उत्तर आले. देम्यानचेही आले: "ऐकलं. वजनकाट्याच्या खोलीत म्हातारा राखणदार आहे, त्याला ऐकू येत नाही. त्याला घेऊन निघतो."

खोलीत कोणी नव्हते. म्हातारा पहिल्याच स्फोटानंतर सायकलवर बसून घरी निघून गेला होता. दुसरा हल्ला झाला तेव्हा देम्यान त्या खोलीतच होता.

पाळी संपेपर्यंत ओरिस्या वायरलेसवरून उठली नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात हिशेबनीस बाई हमसून हमसून रडल्या. ओरिस्याने त्यांना पाणी दिले. लोक समाचाराला देम्यानच्या आईकडे गेले, पाळीप्रमुखांकडे गेले. ओरिस्याकडे कोणी आले नाही, आणि कोणी यावे असे कारणही कोणाला ठाऊक नव्हते. घरी गेल्यावर ती मागचे दार लावून स्वयंपाकघरात बसून राही. देम्यान पाव छातीशी धरून, सुरी स्वतःकडे ओढत कापायचा; "एक दिवस पोट फाडून घेशील," असे ती दर वेळी म्हणायची. आता ती पाव टेबलावर ठेवून कापत होती. काप सरळ येत होते, आणि त्या सरळ कापांकडे तिला पाहवत नव्हते. त्याने आणखी एकदा तिची थट्टा करावी, "ताई" म्हणावे, बाहेरच्यांना ऐकू जाईल असे म्हणावे, एवढीच तहान तिला लागून राहिली होती.

आमच्याकडे लग्न न झालेला माणूस गेला तर त्याला नवरदेव करून पुरतात. शहरांतून ही रीत गेली. पण देम्यानची आई यावदोखा नदीपलीकडच्या खेड्यातली, आणि तिच्यापुढे या बाबतीत कोणाचे काही चालले नसते. "तीस ओलांडलेलं पोर माझं," ती नेस्टर ह्नातोविचांना म्हणाली. "बिनलग्नाचं कसं धाडू? तुमचा बँड वाजवा, झेंडा धरा, मी नाही म्हणत नाही. पण आधी करोवाय होईल." करोवाय म्हणजे लग्नातला मोठा गोल पाव, वर कणकेची पाखरे आणि फुले बसवलेला. लग्नात तो बायका गाणी म्हणत मळतात. असा प्रसंग असेल तेव्हा गाणी नसतात. दफनभूमीत तो मोडून गावातल्या बिनलग्नाच्या पोरापोरींना वाटतात. आणि शवपेटीच्या डाव्या अंगाने एक कुमारिका, डोक्यावर हिरव्या वेलीचा मुकुट घालून, नवरी म्हणून चालते. पुढे ती पोर त्या घरची सूनच समजली जाते. तिचे दुसरीकडे लग्न झाले तरी त्या घरचे दार तिला उघडे असते.

दफनाच्या आदल्या दिवशी सकाळी केंद्राच्या वतीने ओरिस्या आणि आणखी दोघीजणी स्वयंपाकाला मदत करायला यावदोखाच्या घरी गेल्या. आत शेजारीण पारास्काच्या हाताखाली बायका करोवायचे पीठ भिजवत होत्या. ओरिस्याने कोट काढला, बाह्या सारल्या, हात धुतले आणि परातीशी जाऊन पिठात हात घातला. असे तिच्या हातून कसे घडले, ते तिलाही सांगता आले नसते. रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती.

"अगं अगं, ओरिस्या!" पारास्काने तिचे मनगट धरले. "तू नको गं. रागावू नकोस, पण तू नको."

करोवायला हात लावायचा तो पहिल्याच नवऱ्याबरोबर सुखाने नांदणाऱ्या बाईने. विधवा चालत नाही. काडीमोड घेतलेली तर नाहीच. मळणाऱ्या हातांचे नशीब पिठात उतरते, असे म्हणतात.

"तिचा नवरा आहे की जिवंत," कोपऱ्यातली एक म्हणाली. "फक्त पत्ता बदललाय."

"तोंड आवर," पारास्का तिच्यावर खेकसली आणि ओरिस्याला हळू आवाजात म्हणाली, "बाहेर बटाटे पडलेत पोतंभर. त्यांना काही रीतभात नसते."

ओरिस्याने बोटांना लागलेले पीठ परातीच्या काठावर काळजीपूर्वक निपटले, हात धुतले आणि ती अंगणात गेली.

विहिरीजवळ पारास्काची मुलगी सोलोमिया बसली होती. तिच्याही समोर बटाटे होते, पण ती सोलत नव्हती. तिचा चेहरा रडून सुजला होता. नवरी म्हणून तिलाच उभे करायचे ठरले होते.

"देम्यानदादासाठी रडतेस?" ओरिस्याने विचारले.

पोरीने नकारार्थी मान हलवली आणि मग तिचीच तिला लाज वाटली. "त्यांच्यासाठी पण. पण... काकू, माझा यारेमा आघाडीवर आहे. आमचं ठरलंय. आजी म्हणते, मेलेल्याची नवरी झालीस तर जिवंत असलेला परत येत नाही."

"आईला सांगितलंस?"

"आई म्हणते, शब्द दिलाय. यावदोखा काकूंना या घडीला नाही कोण म्हणणार? आणि गावात पोरी राहिल्यात कुठे, सगळ्या पोलंडला गेल्या." तिने नाक पुसले. "मी उभी राहीन हो. पण चालताना सारखं यारेमाचं नाव घेत राहीन मनात. त्यानं देम्यानदादांना वाईट वाटेल का?"

"नाही वाटणार," ओरिस्या म्हणाली. "तो हसेल."

ती बराच वेळ बटाटे सोलत राहिली. मग तिने सुरी ठेवली, हात पुसले आणि ती मागच्या दाराने घरात गेली.

मागच्या छोट्या खोलीत यावदोखा देम्यानच्या भरतकाम केलेल्या सदऱ्याला इस्त्री करत होती. कॉलर झाली होती. ती पुन्हा तीच करत होती.

"यावदोखा काकू, सोलोमियाला नका उभी करू."

"का? पोर घाबरली?"

"हो."

"मला दिसतंय. आंधळी नाही मी. मग कोणाला करू? मला सापडेना दुसरी."

"मी उभी राहते."

यावदोखाने इस्त्री उभी करून ठेवली. "तू? अगं, तुझी पोरगी लग्नाला आली."

"आली."

म्हातारीने तिला आपादमस्तक न्याहाळले. बाहेरच्या खोलीतून पीठ आपटल्याचे आवाज येत होते.

"तूच का ती पाहुणी?" यावदोखाने विचारले.

ओरिस्याने होकारार्थी मान हलवली.

"मी कोंबडी कापणार होते," यावदोखा म्हणाली. तिने सदऱ्याची बाही उलगडली, पुन्हा घडी केली. "कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"तरीच. पाळीवरून यायचा आणि ताटाला हात लावायचा नाही. मी म्हणायचे, जंत झाले असतील. औषध आणलं होतं मी त्याच्यासाठी. प्यायलाही तो, काही न बोलता." तिचा आवाज चिरकला, आणि तिने तो खाकरून सरळ केला. "काय घालत होतीस खायला?"

"बिटाचं बोर्श्च. तळलेले मासे. असेल ते."

"बोर्श्चमध्ये घेवडा घालायचीस?"

"नाही. त्याला आवडत नव्हता."

"आवडत नव्हता?" यावदोखा खाटेवर बसली. "जन्मभर मी घेवडा घालतेय. एकदा नाही बोलला मला."

ओरिस्या म्हणाली, "तुमच्या हातचे लोणच्याचे टोमॅटो मात्र तो माझ्याकडे घेऊन यायचा."

"बरण्या कुठे जातात, हेही मला कळत नव्हतं." यावदोखाच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हलले, आणि मग तिचा चेहरा कठीण झाला. "मग आली का नाहीस? बोलावलं होतं ना त्यानं?"

"लाज वाटली. तुम्ही काय म्हणाल, असं वाटलं."

"म्हटलंच असतं! दारात उभी केली असती तुला. घटस्फोटाची, वयानं मोठी. दोन महिने तोंड बघितलं नसतं मी तुझं. मग बघितलं असतं. आई काय जन्मभर फुगून बसते? दोन महिने तर दोन महिने. एवढा तरी काळ होता की आपल्याकडे." ती आता रडत होती, पण सदरा ओला होऊ नये म्हणून तिने तो बाजूला धरला होता.

ओरिस्या खाली बसली आणि तिने सदरा तिच्या हातातून घेतला. यावदोखाने तळहाताने डोळे पुसले.

"मुकुट तुला नाही घालता यायचा," शेवटी यावदोखा म्हणाली. "तो कुमारिकेचा. रीत मी मोडणार नाही. त्याच्या या दिवशी तर नाहीच."

"मला मुकुट नको."

"मग काय पाहिजे?"

"त्याच्या डाव्या बाजूची जागा."

यावदोखा उठली, तिने इस्त्री पुन्हा तापली आहे का ते ओल्या बोटाने पाहिले. "पारास्काला सांगते, पोरीला घरी ने म्हणून. बाकीचं मला आज विचारू नकोस. जा आता. बटाटे काळे पडतील."

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच अंगण भरून गेले. शेजारच्या तालुक्यांतूनही जवान आले होते. केंद्राचे सगळे लोक गणवेशात दोन रांगांत उभे होते, आणि नेस्टर ह्नातोविचांनी ओरिस्याला दुसऱ्या रांगेत, झेंड्याच्या मागे उभे केले होते. पाच-सहा पावलांवर, दोन स्टुलांवर पेटी होती. आत देम्यान तो सदरा घालून, छातीवर नवरदेवाचे फूल लावून होता. बोटात रीतीप्रमाणे मेणाची अंगठी होती. बाजूला ठेवलेल्या झाकणावर त्याचे हेल्मेट आणि हेल्मेटशेजारी करोवाय. उजव्या अंगाला काळ्या शालीत यावदोखा काठी टेकून उभी होती. डावे अंग मोकळे होते.

"नवरीविना कसं हो?" मागे बायका कुजबुजत होत्या. "अर्धीच रीत झाली ही."

"यावदोखा म्हणाली, नवरी नाही. संपलं," पारास्काने त्यांना गप्प केले.

कुंपणापाशी ओरिस्याचा पहिला नवरा बायकोसह उभा होता. त्याच्यापलीकडे कोठारांचा म्हातारा राखणदार टोपी हातात चुरगाळत होता; त्याला आत यायला कोणी सांगितले नव्हते आणि नकोही म्हटले नव्हते. ओरिस्याला सगळे चेहरे दिसत होते. पुढच्या सोमवारीही हेच लोक दुकानात, पोस्टात, बसमध्ये असणार होते. रांगेत उभी राहिली तर ती एक सहकारी होती, आणि सहकारी म्हणून तिला दोन दिवसांनी पूर्ववत कामावर यायचे होते. देम्यानविषयी तिला मग कोणाशी कधीच बोलता येणार नव्हते. पलीकडे गेली तर लोक बोलणार होते. बरेच दिवस बोलणार होते. पण निदान त्याच्याविषयी बोलणार होते, तिच्यादेखत, तिला.

पाद्रींची प्रार्थना संपली. सहा जवान पुढे झाले. त्यांच्या दंडांना लग्नातले भरजरी रुमाल बांधलेले होते.

ओरिस्याने गणवेशाची टोपी काढली. "नेस्टर ह्नातोविच, ही जरा धरा."

"आत्ता? ओरिस्या, काय..." त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि टोपी घेतली. आपल्या काखेत धरून ते पुन्हा सावधान उभे राहिले.

तिने आपला काळा रुमाल डोक्यावरून घेतला आणि लग्न झालेल्या बायका बांधतात तशी मानेमागे गाठ मारली. मग ती रांगेतून बाहेर पडली. अंगणातली कुजबुज थांबली. कोणीतरी "अगं बाई" म्हणाले, कोणीतरी त्याला चूप केले. पेटीच्या पायथ्याला वळसा घालून ती डाव्या बाजूला गेली आणि तिने लाकडी काठावर हात ठेवला.

यावदोखाने मान वर करून पाहिले. मग ती जवानांना म्हणाली, "उचला रे बाळांनो. हळू."

जवानांनी पेटी खांद्यावर घेतली. ओरिस्या तिच्या डाव्या अंगाने चालू लागली.